नकाशांतील चुका आणि घरांतील माणसें

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण आपल्याकडे इतकी घासली गेली आहे कीं, तिचा अर्थ आतां कोणी फारसा मनावर घेत नाहीं. लग्नांत मुलीचा बाप निदान प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो. घराच्या बाबतींत मात्र जो पैसा घालतो त्याला घराचा नकाशा वाचतां येत नाहीं, आणि ज्याला तो वाचतां येतो त्याला त्या घरांत राहावयाचें नसतें. बहुतेक घरांतील दोष या एका विसंगतींतून जन्मास येतात. गवंडी वाईट होता, सिमेंट हलकें होतें, अशा तक्रारी आपण नेहमीं ऐकतों. परंतु भिंती सरळ, गिलावा गुळगुळीत, आणि तरीही घर राहण्यास अडचणीचें, अशीं घरें कांहीं थोडीं नाहींत. तेथें दोष हाताचा नसून आंखणीचा असतो. अशा दोषांचें काय करावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

सोयगाव हें गांव छत्रपति संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकास, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षां जळगांव येथून जवळ. या भागांतील जुनीं घरें पाहिलीं, तर जाड मातीच्या भिंती, वर माळवद, पुढें ओसरी आणि मोजक्या खिडक्या असा त्यांचा थाट. घराचें माप फुटांत नसून खणांत असे; दोन खांबांमधील अंतर तो एक खण, आणि इतक्या खणांचें घर म्हटलें कीं सुताराला, गवंड्याला व घरधन्याला एकच चित्र दिसे. नकाशा कागदावर नव्हताच. घर आंखणारा गवंडी त्याच गांवच्या उन्हांत वाढलेला असल्यामुळें पश्चिमेच्या भिंतीला काय सोसावें लागतें हें त्याला कोणी सांगावें लागत नसे. त्या घरांत अंधार होता, धूर होता, माळवद दरवर्षीं नीट करावें लागे. तीं घरें आदर्श होतीं असें म्हणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु घर आंखणारा आणि घरांत राहणारा यांची भाषा एक होती. आतां नकाशा दूरच्या शहरांत, संगणकावर, जागा एकदां ओझरती पाहून किंवा न पाहतांही तयार होतो. आणि तो हातीं पडला कीं घरांतील कर्ता पुरुष त्यावर सही करून मोकळा होतो.

आंखणी चुकली तर कारागिरानें काय करावें, याचें फार जुनें उदाहरण पाहण्यासाठीं सोयगावकरांस तालुक्याबाहेर जावें लागत नाहीं. अजिंठ्याचीं लेणीं नांवानें अजिंठा गांवाचीं असलीं, तरी तीं सोयगाव तालुक्यांतील लेणापूरच्या शिवारांत, वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर कोरलेलीं आहेत. १८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या तीं दृष्टीस पडलीं, आणि १९८३ सालीं जागतिक वारशाच्या यादींत त्यांचा समावेश झाला. येणारा पाहुणा पहिल्या, दुसऱ्या, सतराव्या लेण्यांतील चित्रें पाहून धन्य होतो व परततो. घर बांधूं इच्छिणाऱ्यानें मात्र चौथ्या लेण्यांत थोडा वेळ थांबावें.

हा येथील सर्वांत मोठा विहार. मधला मंडप सुमारें ८७ फूट लांब व तितकाच रुंद असून त्यास २८ खांब आहेत. बेत भव्य होता. पण खडकांतच मूळचा दोष होता आणि तो बाहेरून दिसण्यासारखा नव्हता. छताचा मोठा भाग कोसळला, आणि कारागिरांस वरच्या अंगानें आणखी खोदून छत नव्यानें काढावें लागलें, असें अभ्यासकांचें मत आहे. पुढें हें लेणें पुरें झालेंच नाहीं. कित्येक खोल्या अर्धवट राहिल्या. तरीसुद्धां गाभाऱ्यांत मूर्ति घडली आणि तिच्या पीठावर दात्याचा लेखही कोरला गेला. मूळ बेताच्या उंचीचा हट्ट त्या लोकांनीं धरला नाहीं, आणि काम टाकूनही ते गेले नाहींत. उरलेल्या खडकांत अजून काय साधण्यासारखें आहे, हें त्यांनीं पाहिलें.

चोविसावें लेणेंही असेंच अपुरें आहे. तेथें खोदाईची रीत उघडी पडलेली दिसते : आधीं छत, मग खालीं खालीं येत शेवटीं जमीन, खांब म्हणजे न खोदतां मागें ठेवलेला दगड. काढलेला दगड पुन्हां जागेवर बसत नाहीं, म्हणून प्रत्येक घाव विचारानें घालावा लागे. आपलें घर याच्या उलट, पायापासून वर चढतें. यामुळें आपल्याकडे चूक जितकी खालच्या टप्प्यांत होईल तितकी ती वर सर्वत्र पोंचते व तितकी महाग पडते. कागदावरची चूक खोडरबरानें जाते, जोत्यांतली कुदळीनें, आणि काँक्रीटच्या खांबांत गेलेली चूक बहुधा जातच नाहीं.

अकराव्या लेण्याचा उल्लेख येथेंच करून टाकतों. तेथें गाभाऱ्यांतील बुद्धमूर्ति एका अपुऱ्या स्तूपाला लागून कोरलेली आहे. आरंभीं बेत स्तूपाचा असावा व काम चालू असतांना तो मूर्तीचा ठरला असावा, असें त्यावरून दिसतें. काम निम्म्यावर आल्यावर यजमानाचें मन बदलणें ही गोष्ट इतकी जुनी आहे! आर्किटेक्टच्या नांवानें खापर फोडण्यापूर्वीं घरांतील मंडळींनीं आपण त्यास किती वेळां वेगवेगळें सांगितलें याचा हिशेब मनाशीं करावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आतां कागदाकडे वळूं. नकाशांत सर्वांत जास्त फसवणारी वस्तु म्हणजे भिंत. कित्येक कच्च्या नकाशांत ती एका रेषेनें दाखविलेली असते आणि खोलीचें माप या रेषेपासून त्या रेषेपर्यंत, म्हणजे भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत, लिहिलेलें असतें. नऊ इंची विटेची भिंत दोन्ही अंगांच्या गिलाव्यासह दहा इंच भरते. मग दहा फूट म्हणून लिहिलेली खोली आंतून नऊ फूट दोन इंच निघते. कागदावर दहा इंच कोणास दिसत नाहींत; पण साडेसहा फुटी पलंग, त्याच्या पायथ्याशीं कपाट, आणि त्या कपाटाचें दार उघडून पुढें उभी राहणारी सून, एवढें त्या भिंतींमध्यें मावावयाचें असतें. दुसरी फसवी वस्तु म्हणजे दार. दार कोणत्या अंगास उघडतें हें दाखविणारा कमानदार फराटा नकाशांत असतो. तो फराटा जिन्याच्या पहिल्या पायरीवर, दुसऱ्या दारावर किंवा देवघराच्या चौरंगावर पडतो कीं काय, एवढें जरी पाहिलें तरी पुष्कळ टळेल.

एकत्र कुटुंबांत आणखी एक माप महत्त्वाचें, आणि तें शहरांत शिकलेल्या आर्किटेक्टास बहुधा ठाऊक नसतें. पंगतीला बसणाऱ्या प्रत्येक माणसास सुमारें दोन फूट रुंदी लागते. आठ पानांची पंगत म्हणजे सोळा फूट भिंत, आणि तीही मधें दार नसलेली. समोरासमोर दोन पंगती मांडावयाच्या तर माणूस व पान मिळून प्रत्येक बाजूस चार फूट आणि वाढणाऱ्यांस मधें तीन, असे अकरा फूट पाहिजेत. वर्षांतून चार सणांसाठीं एवढी जागा अडवावी कीं नाहीं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. परंतु ज्या घरीं श्राद्धपक्ष, मंगळागौर, मुंजी होतात त्यांनीं तें माप आर्किटेक्टला पहिल्याच भेटींत लिहून द्यावें. तोंडीं सांगितलेलें राहत नाहीं.

जिना हा तर चुकांचा राजा होय. एक साधा हिशेब मांडून पाहूं. तळमजल्याच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत उंची साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच, आहे असें धरूं. सात इंची पायरी घेतली तर १८ चढ होतात, आणि त्यांच्या मधल्या १७ पायऱ्या दहा दहा इंच रुंद धरल्या तर सरळ जिन्यास चौदा फूट दोन इंच लांबी लागते. नकाशांत त्यासाठीं अकराच फूट ठेवले असले तर काय होईल? गवंडी कोणास विचारणार नाहीं. तो पायरी नऊ इंच उंच करील, चढ १४ होतील, मधल्या १३ पायऱ्या दहा फूट दहा इंचांत बसतील, आणि नकाशाप्रमाणें काम झालें म्हणून सर्वजण खूष होतील. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनें राहत्या घरांतील पायरीची उंची १९ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें साडेसात इंच, याहून अधिक नसावी आणि रुंदी २५ सेंटिमीटरांहून कमी नसावी, असें सांगितलें आहे. नऊ इंची पायरीवर साठीच्या बाईचे गुडघे रोज काय बोलतात तें कोणत्याही नकाशांत लिहिलेलें नसतें. आणि देवघर वर, न्हाणीघर खालीं अशी मांडणी असली, तर सोंवळ्यांत पाण्याचा तांब्या घेऊन ती बाई दिवसांतून किती वेळां चढते-उतरते, हें घरांतील पुरुषांस पुष्कळदां वर्षभरानें कळतें.

हाच दोष वेळेवर ध्यानांत आला, तर उपाय अगदीं जवळ असतो. सरळ जिन्याऐवजीं मधें वळणारा दोन टप्प्यांचा जिना केला, तर प्रत्येक टप्प्यांत नऊ चढ व आठ पायऱ्या, म्हणजे सहा फूट आठ इंच, आणि वळणाची चौकट तीन फूट, मिळून नऊ फूट आठ इंच होतात. अकरा फुटांत तो सुखानें बसतो. फक्त रुंदी तीनाऐवजीं सवासहा फूट द्यावी लागते. शेजारच्या खोलीचे तीन फूट गेले तरी चालतील, पण पायरी नऊ इंची नको, असा निर्णय घरांतील वडीलधाऱ्या बायकांना विचारून घ्यावा. त्यांचें मत या बाबतींत आर्किटेक्टच्या मताइतकेंच शास्त्रीय समजावें.

उन्हाविषयीं चार शब्द लिहिल्याशिवाय सोयगावच्या घराचा विचार पुरा होणार नाहीं. हें गांव साधारण साडेवीस अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य माध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो, पुढें जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो किंचित् उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि हिंवाळ्यांत दक्षिणेकडे पुष्कळ खालीं उतरतो. दक्षिणेच्या खिडकीस दोन फुटी छज्जा दिला, तर उन्हाळ्यांतील दुपारचें ऊन अडतें आणि हिंवाळ्यांतील आंत येतें. पश्चिमेची गोष्ट निराळी. तिकडचें ऊन तिरपें, खालून येणारें. छज्जानें तें अडत नाहीं. त्यासाठीं पश्चिमेस जिना, न्हाणीघर, कोठीची खोली अशा जागा घालाव्यात, किंवा पडवी काढावी. नकाशांत जर पश्चिमेला निजावयाची खोली व मोठी कांचेची खिडकी आली, तर ती चूकच होय, मग चित्रांत तें कितीही शोभिवंत दिसो. घर उभें राहिल्यावर ही चूक ध्यानांत आली तरी निराश होण्याचें कारण नाहीं : बाहेरून लोखंडी कैचीवर पत्र्याची वा कौलांची पडवी, भिंतीला पांढरा रंग, आणि अंगणांत जागा असेल तर योग्य अंतरावर कडुनिंब, यांनीं फरक पडतो. या ठिकाणीं कित्येक घरांत वास्तुदोष म्हणून शांति करण्याचा बेत ठरतो. ज्याची त्याची श्रद्धा. परंतु तापलेली भिंत शांतीनें निवत नाहीं, सावलीनें निवते.

हें सर्व कागदावर तपासणें ज्यांस जड वाटतें, त्यांच्यासाठीं एक जुनी व बिनखर्चाची युक्ति आहे. पाया खणण्यापूर्वीं मोकळ्या जागेवर दोरी ताणून, गुण्या लावून, चुन्याच्या फक्कीनें सबंध घर खऱ्या मापानें आंखावें. भिंतींना जाडी द्यावी, दारांच्या जागीं रेषा तोडाव्या, जिन्याच्या पायऱ्यासुद्धां आंखाव्या. मग घरांतील सगळीं माणसें, आजीपासून शाळेंतल्या पोरांपर्यंत, त्या रेषांतून फिरवावीं. भिंतीवरून पाय टाकूं नये, दारांतूनच जावें, हा एकच नियम. एक खाट तेथें आणून ठेवावी. स्वयंपाक करणारीनें ओट्याच्या जागीं उभें राहून पाण्याकडे, डब्यांकडे, वाढण्याकडे चालून पाहावें. आजारी माणसाच्या खोलीपासून शौचालयापर्यंत किती पावलें पडतात तीं मोजावींत. दोन भावांच्या खोल्या जेथें सारख्या म्हणून ठरल्या आहेत तेथें टेप लावावी. सहा इंचांचा फरक आज सांगून मिटतो, पुढें वाटणीच्या दिवशीं तो फुटांनीं मोजला जातो. त्याच वेळीं जोत्याची उंचीही पाहावी. समोरचा रस्ता प्रत्येक डांबरीकरणास थोडा वर चढतो. आज रस्त्याहून एक फूट उंच असलेलें जोतें दहा-पंधरा वर्षांत रस्त्याच्या पातळीला येतें आणि पावसाचें पाणी ओसरींत शिरतें.

एवढें करूनही चूक निसटली आणि काम वर चढल्यावर ती उघडी पडली, तर पहिली गोष्ट म्हणजे काम एक दिवस थांबविणें. हें फार कठीण जातें. मजुरी अंगावर पडते, स्लॅबची तारीख ठरलेली असते, मक्तेदार म्हणतो, पुढें पाहूं. परंतु पुढें पाहतां येत नाहीं असाच बहुधा अनुभव. दुसरी गोष्ट, काँक्रीटच्या खांबाला व तुळईला कोणीही हात लावूं नये. डोक्याला लागणारी तुळई छिनून उंची वाढविण्याचा सल्ला देणारा मिस्त्री आढळतो, त्याला त्याच दिवशीं रजा द्यावी. खांब व तुळया यांचा हिशेब करणारा अभियंता पुष्कळदां आर्किटेक्टहून निराळा असतो. त्याच्या लेखी संमतीशिवाय तेथें कांहीं करूं नये. खांब-तुळयांच्या सांगाड्यांत नुसत्या भरलेल्या आंतल्या विटेच्या भिंती मात्र हलवितां येतात, दारें दुसरीकडे काढतां येतात, त्यांची उघडण्याची बाजू बदलतां येते. जेथें भिंतीच छत पेलतात, अशा घरांत ही मोकळीक नाहीं. न्हाणीघर व शौचालय हलवितांना सांडपाण्याच्या नळाचा उतार पाहावा. चार इंची नळाला साधारण चाळीस फुटांस एक फूट उतार लागतो, आणि तो मिळत नसेल तर जागा हलविण्याचा विचार सोडून द्यावा. मंजूर नकाशांत भर पडेल असा बदल झाला, तर सुधारलेला नकाशा नगरपंचायतीकडून पुन्हां मंजूर करून घ्यावा लागतो. पुढें घर विकतांना किंवा कर्ज काढतांना हें राहून गेलेलें काम आडवें येतें.

आणि कोणती चूक दुरुस्त करावी, कोणती सोसावी? आमचें मत असें कीं, जी चूक रोज अंगाला लागते, पायांना, डोळ्यांना, श्वासाला लागते, ती पैसे गेले तरी काढावी. जी केवळ नजरेला खटकते ती राहूं द्यावी. अंधारें स्वयंपाकघर, उंच पायरी, कोंदट न्हाणीघर यांवर खर्च करावा. दिवाणखान्याची खिडकी मध्यावर आली नाहीं, दर्शनी भागांतील दोन खांब सारखे दिसत नाहींत, यासाठीं भिंत पाडणें म्हणजे पैशाची मस्ती.

दोष देण्याच्या बाबतींत मात्र जपून असावें. आर्किटेक्टविषयीं दंतकथा फार लवकर पसरतात. मुंबईचें ताजमहाल हॉटेल उलटें बांधलें गेलें, पुढची बाजू मागें झाली, आणि तें पाहून आर्किटेक्टनें जीव दिला, ही गोष्ट आपल्यांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. ती खोटी आहे. त्या इमारतीचे मूळ आंखणीकार रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे इमारत पुरी होण्यापूर्वींच आजारानें वारले. पुढें चेंबर्स यांनीं काम तडीस नेलें व १९०३ सालीं हॉटेल उघडलें. जुनें प्रवेशद्वार शहराच्या बाजूस होतें तें चुकून नव्हे, ठरवूनच. एका मराठी आंखणीकाराच्या कामाची त्याच्या पश्चात् अशी कुचेष्टा व्हावी, याचें आम्हांस वाईट वाटतें. सांगण्याचा मुद्दा हा कीं, नकाशांत जें चमत्कारिक दिसतें त्याचें कारण आर्किटेक्टला आधीं विचारावें. कधीं कधीं खरोखरच कारण असतें.

कारण नसेल, आणि चूक त्याचीच असेल, तर तें लेखी कळवावें. कामाच्या त्या स्थितीचीं तारीखवार छायाचित्रें घ्यावींत, मंजूर नकाशा व प्रत्यक्ष माप यांतील फरक कागदावर मांडावा, आणि दुसऱ्या एखाद्या अभियंत्याचें मत लिहून घ्यावें. हें सर्व भिंत पाडण्यापूर्वीं, कारण पाडलेल्या भिंतीचा पुरावा राहत नाहीं. नकाशा काढणाऱ्याचा नोंदणी क्रमांक तर पहिल्या दिवशींच विचारावा. १९७२ च्या कायद्याप्रमाणें वास्तुकला परिषदेकडे नोंद असलेल्यासच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवितां येतें. मात्र २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, राखून ठेवली आहे ती पदवी, काम नव्हे. लहान गांवांत नकाशा पुष्कळदां स्थापत्य अभियंता काढतो, त्यांत वावगें कांहीं नाहीं. फक्त आपण कोणाकडे गेलों आहों हें आपल्यास ठाऊक असावें. मोबदला घेऊन दिलेल्या सेवेंतील उणीव ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जिल्हा ग्राहक आयोगापुढें नेतां येते, आणि तक्रार साधारणपणें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत करावी लागते. तेथें वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. पण आयोग देईल ती भरपाई पैशाची. जिना तो बांधून देणार नाहीं. म्हणून दुरुस्तीचा खर्च कोणी किती सोसावा याचा तिघांनीं, म्हणजे घरधनी, आर्किटेक्ट व मक्तेदार यांनीं, समोरासमोर बसून केलेला लेखी करार आम्हांस नेहमीं अधिक पसंत वाटतो.

शेवटीं एक लहानसें काम, जें बहुतेक घरीं राहून जातें. घर जसें कागदावर होतें तसें तें सहसा उभें राहत नाहीं; म्हणून काम संपल्यावर, जसें प्रत्यक्ष झालें तसा एक नकाशा आर्किटेक्टकडून काढून घ्यावा. पाण्याचे नळ कोणत्या भिंतींतून गेले, विजेच्या तारा कोठून फिरल्या, सांडपाण्याची झाकणें कोणत्या फरशीखालीं आहेत, आणि कोणत्या भिंती छत पेलतात, हें त्यांत लिहावें. त्याच्या दोन प्रती कराव्या. एक खरेदीखताबरोबर पेटींत ठेवावी, आणि दुसरी घरांतील वडील सुनेच्या हवालीं करावी. नळ फुटतो तेव्हां बहुधा तीच घरांत असते.